‘पहिल्या महिला’ लिहिण्याआधी

‘पंतप्रधान म्हणाल्या.’ मराठीत एवढे दोन शब्द लिहिले की त्या पदावर बाई आहे हे वाचकाला कळतं. क्रियापदानेच ते सांगून टाकलेलं असतं. ‘महिला पंतप्रधान म्हणाल्या’ असं लिहिलं की तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली जाते, आणि या दुसऱ्या खेपेला तिला एक वेगळा अर्थ चिकटतो: पंतप्रधान म्हणजे मुळात पुरुष, ही त्यातली निराळी.

राजकीय नेत्याचं लिंग, वंश किंवा जात यांचा उल्लेख करावा की करू नये, या वादात बहुतेक लोक दोन टोकांना उभे असतात. एकांना वाटतं की कामावर बोला, बाकी कशाला काढता. दुसऱ्यांना वाटतं की उल्लेख केला नाही तर इतिहासच पुसला जातो. माझं मत असं की उल्लेख जरूर करावा, पण तो वाक्यात माहिती म्हणून यावा. नावाला चिकटवलेली चिठ्ठी म्हणून येणारा उल्लेख वाचकाला काहीच देत नाही, उलट बरंच काही झाकतो. हा फरक लिहिताना कसा सांभाळायचा आणि कुठे फसगत होते, ते इथे सविस्तर मांडतो आहे. जे बातम्या लिहितात, भाषांतर करतात, समाजमाध्यमांवर नेत्यांविषयी लिहितात, त्यांना हे रोज लागतं.

आधी भाषेचाच प्रश्न. मराठीत भूतकाळ लिंग उघड करतो: म्हणाले, म्हणाल्या. पण आदरार्थी वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ ते झाकतात. ‘पंतप्रधान उद्या संसदेत बोलणार आहेत’ यातून काही कळत नाही. त्यामुळे परदेशी नेत्याची बातमी भाषांतरित करताना मथळा निभावून जातो आणि पहिल्याच परिच्छेदात ‘म्हणाले’ लिहून घोटाळा होतो. इंग्रजी मजकुरात दुसऱ्या उल्लेखापासून फक्त आडनाव येतं. फ्रेडरिक्सन, सांडू, काल्लास ही आडनावं वाचून आपल्या कानाला काहीच कळत नाही. डेन्मार्कच्या मेटे फ्रेडरिक्सन आणि मोल्दोव्हाच्या माया सांडू या दोघी स्त्रिया आहेत. एस्टोनियाचं उदाहरण तर जास्तच फसवं आहे. सीम काल्लास २००२ ते २००३ या काळात तिथले पंतप्रधान होते, आणि त्यांची मुलगी काया काल्लास २०२१ ते २०२४ या काळात पंतप्रधान होत्या. आडनाव एकच, पदही एकच. नाव पूर्ण शोधल्याशिवाय क्रियापद लिहू नये, हा या कामातला पहिला नियम.

पदनामांचंही तसंच. मंत्री, राज्यपाल, महापौर, आमदार हे शब्द स्त्री-पुरुष दोघांना चालतात. लिंग सांगायला क्रियापद समर्थ आहे. ‘अध्यक्षा’ हे रूप रुळलेलं आहे, पण ‘अध्यक्ष म्हणाल्या’ हे जास्त स्वच्छ वाटतं. ‘राष्ट्रपती’ या शब्दावर २००७ मध्ये प्रतिभा पाटील निवडून आल्या तेव्हा बरीच चर्चा झाली होती. त्यातला ‘पती’ म्हणजे स्वामी, सेनापतीतला. तो नवऱ्याच्या अर्थाने घेऊन स्त्रीलिंगी रूप बनवायला गेलं की पदाचा अपमान होतो. २०२२ मध्ये असा शब्द वापरल्याबद्दल एका खासदाराला राष्ट्रपतींची लेखी माफी मागावी लागली.

आता ‘पहिल्या महिला’, ‘पहिले कृष्णवर्णीय’, ‘पहिले भारतीय वंशाचे’ या शब्दांकडे येऊ. उल्लेखाची सर्वांत चांगली जागा हीच आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

निर्मला सीतारामन २०१९ मध्ये अर्थमंत्री झाल्या तेव्हा ‘देशाच्या पहिल्या महिला अर्थमंत्री’ असे मथळे सर्रास दिसले. पण १९६९–७० मध्ये इंदिरा गांधींनी पंतप्रधानपद सांभाळतानाच अर्थखातं स्वतःकडे ठेवलं होतं आणि फेब्रुवारी १९७० चा अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला होता. म्हणून बरोबर वाक्य आहे: ‘पहिल्या पूर्णवेळ महिला अर्थमंत्री’. संरक्षण खात्याबाबत २०१७ मध्ये हीच गफलत झाली होती, कारण तेही खातं इंदिरा गांधींकडे होतं. ‘पूर्णवेळ’ हा एक शब्द राहिला की वाक्य खोटं होतं.

कमला हॅरिस जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या. पहिल्या महिला, पहिल्या कृष्णवर्णीय, पहिल्या दक्षिण आशियाई वंशाच्या, ही तिन्ही विधानं बरोबर. पण ‘पहिल्या बिगर-गौरवर्णीय उपाध्यक्ष’ असं लिहिलं तर चुकलं. १९२९ ते १९३३ या काळात हर्बर्ट हूव्हर यांचे उपाध्यक्ष असलेले चार्ल्स कर्टिस हे कॉ या मूलनिवासी जमातीचे नोंदणीकृत सदस्य होते. म्हणजे नेमका कोणता गट, हे सांगितलं तर विधान टिकतं. सगळ्यांना एका पोत्यात भरलं की कोसळतं.

दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. त्यांना ‘ब्रिटिश संसदेतले पहिले भारतीय’ म्हणण्याची सवय आपल्याला आहे. पण उत्तर भारतातल्या सरधना संस्थानाच्या बेगम समरूचे दत्तक वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्रे १८४१ मध्येच सडबरीतून निवडून आले होते. लाचखोरीवरून ती निवडणूक १८४२ मध्ये रद्द झाली, म्हणून ते विस्मरणात गेले. सोम्ब्रे यांचे पूर्वज युरोपीय आणि भारतीय दोन्ही होते, त्यामुळे त्यांना भारतीय धरायचं का यावर मतभेद होऊ शकतो. पण ज्याला त्यांचं नाव माहीत नाही तो मतभेद तरी कसा नोंदवणार?

‘जगातल्या पहिल्या महिला’ हा तर सगळ्यात निसरडा प्रकार. श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, सिरिमावो बंदरनायके जुलै १९६० मध्ये जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. अर्जेंटिनाच्या इसाबेल पेरोन १९७४ मध्ये जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, पण त्या उपाध्यक्ष होत्या आणि पतीच्या निधनानंतर ते पद त्यांच्याकडे आलं. लोकांनी थेट मतदानाने निवडलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणजे आइसलँडच्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर, १९८०. तिघीही ‘पहिल्या’, पण तीन वेगळ्या वाक्यांत. ‘पहिल्या’ लिहिताना चार खाने भरले जाताहेत का ते बघावं: पद कोणतं, ते कुठलं, मिळालं कसं (निवडून, नेमणुकीने, वारसाहक्काने की हंगामी), आणि गट नेमका कोणता. एक खाना रिकामा राहिला तरी कुणीतरी जुनं नाव काढून दाखवतोच.

मोजणीतही सापळे आहेत. बराक ओबामा अमेरिकेचे ४४ वे अध्यक्ष, पण अध्यक्ष झालेली ४३ वी व्यक्ती. ग्रोव्हर क्लीव्हलँड दोन वेगळ्या कार्यकाळांमुळे दोनदा मोजले जातात. म्हणून ‘ओबामांच्या आधीचे ४३ गौरवर्णीय अध्यक्ष’ हे चूक. माणसं ४२ होती.

हे सगळं तपासूनही ‘पहिले’ हा शब्द एकटा फारसा बोलत नाही. त्याच्यामागची भिंत दाखवली तरच तो बोलतो. ओबामांचंच घ्या. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९६१ चा. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्याच्या प्रथा मोडणारा मताधिकार कायदा ६ ऑगस्ट १९६५ रोजी झाला. तेव्हा ते चार वर्षं आणि दोन दिवसांचे होते. त्यांचे वडील कृष्णवर्णीय केनियन, आई गौरवर्णीय अमेरिकी. असा विवाह त्यांच्या जन्माच्या वेळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे १९६७ मध्ये रद्द केले. हे दोन तपशील दिले की ‘पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष’ म्हणजे काय हे वाचकाला जाणवतं, आणि मग तो शब्दप्रयोग पुढच्या प्रत्येक परिच्छेदात परत वापरावा लागत नाही.

आकडेही हेच काम करतात. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला होत्या. त्याआधीच्या, २०१९ च्या लोकसभेत ७८. एखाद्या महिला खासदाराविषयी लिहिताना ‘पुरुषप्रधान राजकारणात स्वतःची वाट काढणाऱ्या’ असं लिहिण्यापेक्षा हे दोन आकडे लिहावेत. पहिलं वाक्य कुणाच्याही नावापुढे लावता येतं, म्हणूनच ते कुणाविषयीही काही सांगत नाही.

‘आम्हाला रंग दिसत नाही, फक्त माणूस दिसतो’ हे म्हणणं ऐकायला छान वाटतं. अडचण अशी की नेत्याच्या विरोधकांना तो रंग दिसत असतो, मतदारयादी बनवणाऱ्यांना दिसला होता, आणि लिहिणाऱ्याने डोळे मिटले की वाचकाला अर्धीच गोष्ट मिळते. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झाले, ही बातमी वंशाचा उल्लेख टाळून लिहून बघा. जिथे बहुसंख्यांना पहिल्यांदाच मतदान करता आलं त्या निवडणुकीचा अर्थच त्यातून निघून जातो.

आता उलटी बाजू, जिथे उल्लेख माणसाला गिळतो. के. आर. नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले, पहिले दलित राष्ट्रपती. ही नोंद महत्त्वाचीच. पण पुढे त्यांच्याविषयी काहीही लिहायचं झालं की हीच चिठ्ठी आधी चिकटायची. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही परत पाठवली. दोन वेगळ्या पक्षांची सरकारं, एकच घटनात्मक भूमिका. राष्ट्रपती म्हणजे सही करणारा हात, या समजाला छेद देणारं हे काम होतं. ते समजून घ्यायला त्यांची जात लागत नाही. घटनेचं कलम ३५६ आणि मंत्रिमंडळाकडे शिफारस फेरविचारासाठी पाठवण्याची तरतूद ठाऊक असावी लागते. या बातमीत ‘दलित राष्ट्रपतींनी शिफारस परत पाठवली’ असं लिहिलं तर वाचक दोहोंत नसलेलं नातं जोडत बसतो. वाक्यात शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींमध्ये वाचक कार्यकारण शोधतोच. हा वाचकाचा दोष नव्हे, वाक्यांची ती सवयच आहे. विशेषणाची ही मुख्य हानी: न सांगता कारण सुचवणं.

अँगेला मेर्कल यांच्याबाबत तेच घडत राहिलं. २००५ मध्ये त्या जर्मनीच्या पहिल्या महिला चॅन्सेलर झाल्या. त्याआधी हेल्मुट कोल यांच्या मंत्रिमंडळात असताना त्यांना ‘कोलची मुलगी’ म्हटलं जायचं, नंतर ‘आई’ म्हणू लागले. दोन्ही नावांनी त्यांना घरातल्या नात्यात बसवलं. त्या पूर्व जर्मनीत वाढल्या होत्या आणि क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट होत्या. त्यांची निर्णय घेण्याची सावध, टप्प्याटप्प्याची पद्धत समजून घ्यायला या दोन गोष्टी त्यांच्या स्त्री असण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. नावांचा वापरही तपासावा. २०१६ च्या बातम्यांत ‘हिलरी विरुद्ध ट्रम्प’ आणि २०२४ मध्ये ‘कमला विरुद्ध ट्रम्प’ असं आपल्याकडे सर्रास लिहिलं गेलं. हिलरींच्या बाबतीत थोडं समर्थन आहे, कारण क्लिंटन म्हटलं की पतीशी गल्लत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रचारातही पहिलंच नाव होतं. पण हॅरिस यांच्या बाबतीत तशी गल्लत होण्याचं कारण नव्हतं. एकाच वाक्यात एकाला आडनावाने आणि दुसरीला पहिल्या नावाने बोलावू नये.

उलटून बघण्याची एक चाचणी बहुतेकांना माहीत असते: बाईच्या जागी पुरुष ठेवा आणि वाक्य हास्यास्पद होतं का बघा. मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांची ग्लासगोत भेट झाली. विषय होता ब्रेक्झिट आणि स्कॉटलंडचं सार्वमत. एका ब्रिटिश दैनिकाने पहिल्या पानावर दोघींचा बसलेला फोटो छापून कुणाचे पाय जास्त चांगले अशा अर्थाची कोटी केली. पुरुष ठेवून बघितलं की हा मथळा कुठल्याच संपादकाने पास केला नसता हे लगेच कळतं. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न पक्षनेत्या झाल्यावर काही तासांतच टीव्हीवर त्यांना मूल होऊ देण्याचा विचार आहे का असं विचारलं गेलं. २०२२ मध्ये, आर्डर्न पंतप्रधान असताना, फिनलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान सना मरीन यांच्यासोबतच्या पत्रकार परिषदेत, दोघी साधारण एका वयाच्या म्हणून भेटताय का, असा प्रश्न आला. तेव्हा आर्डर्न यांनी बराक ओबामा आणि न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जॉन की यांना असा प्रश्न कुणी विचारला होता का, असं उलट विचारलं. म्हणजे चाचणी तिथल्या तिथे, प्रश्नकर्त्यासमोरच लावून दाखवली.

पण या चाचणीवर फार विसंबू नये. आर्डर्न यांनी जून २०१८ मध्ये मुलीला जन्म दिला, सहा आठवड्यांची रजा घेतली, आणि त्या काळात उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी कारभार पाहिला. इथे गरोदरपण ही सरळ राजकीय बातमी आहे, कारण सहा आठवडे देश कोण चालवणार हा प्रश्न त्यातून येतो. बेनझीर भुट्टो यांनी १९९० मध्ये पाकिस्तानच्या पंतप्रधान असताना मुलीला जन्म दिला होता. निवडून आलेल्या सरकारप्रमुखाच्या बाबतीत आर्डर्न यांचं उदाहरण दुसरं. वंशाच्या बाबतीत तर चाचणी आणखी लवकर मोडते. ‘अमेरिकेचे गौरवर्णीय अध्यक्ष’ हे विचित्र वाटतं म्हणून ‘कृष्णवर्णीय अध्यक्ष’ही लिहू नये, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. दोन्ही बाजूंचा इतिहास सारखा असता तर तो निष्कर्ष बरोबर ठरला असता. एका गटाला दार कधी बंदच नव्हतं, त्यामुळे त्याच्या आत येण्याची बातमी होत नाही.

‘भारतीय वंशाचे’ हा मराठी वाचकांचा लाडका शब्दप्रयोग, आणि त्यात अभिमान आहे हे मान्य. पण तो लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, पूर्वज कुठले. ऋषी सुनक २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान झाले. जन्म साउथहॅम्प्टनचा, १९८०. वडील केनियात जन्मलेले, आई तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात. आजी-आजोबा पंजाबचे, आजोबांचं गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. ते ब्रिटनचे पहिले आशियाई वंशाचे आणि पहिले हिंदू पंतप्रधान. ही विधानं ठाम आहेत. ‘भारतीयाने ब्रिटनवर राज्य केलं’ हे चूक आहे, आणि ते ब्रिटनमधल्या नेमक्या त्याच लोकांच्या उपयोगाचं ठरतं ज्यांना सुनक ‘आपले’ वाटत नव्हते. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव आपल्याकडे गाजलं. वडील मुंबईचे, आई आयरिश, जन्म डब्लिनचा. त्यांच्याविषयी आयर्लंडमध्ये जी चर्चा होती तीत ते उघडपणे समलिंगी असलेले पहिले पंतप्रधान आहेत हा मुद्दाही मोठा होता, कारण दोनच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, तिथे समलिंगी विवाहावर सार्वमत झालं होतं. आपल्याला जी ओळख जवळची, ती त्यांच्या देशात मुख्य असेलच असं नाही. बातमी तिथली असेल तर तिथला संदर्भ आधी द्यावा, वराड नंतर.

माणूस स्वतःला काय म्हणवतो हेही बघावं. २०१० च्या जनगणनेत ओबामांनी आपल्या अर्जावर फक्त कृष्णवर्णीय हा एकच पर्याय निवडला, आई गौरवर्णीय असूनही. हॅरिस यांची आई तमिळ, वडील जमैकाचे. शिक्षण कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठात. जुलै २०२४ मध्ये प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर अचानक कृष्णवर्णीय झाल्याचा आरोप केला. मराठी बातम्यांनी वर्षानुवर्षं फक्त ‘भारतीय वंशाच्या’ लिहिलं असेल तर आपल्या वाचकाला तो आरोप खरा वाटण्याची शक्यता वाढते. अर्धी ओळख लिहिण्याची किंमत अशी नंतर मोजावी लागते.

शब्दांबाबत थोडक्यात: ‘कृष्णवर्णीय’ आणि ‘आफ्रिकी-अमेरिकी’ चालतात, जुन्या भाषांतरांतला ‘निग्रो’ आता कुठल्याही कारणाने वापरू नये, आणि जोडीला ‘गोरे’ लिहायचं असेल तर दुसऱ्या बाजूलाही तितकाच बोलीतला शब्द येतो हे लक्षात ठेवून दोन्हीकडे ‘वर्णीय’ लिहावं.

वंशावरून हल्ला झाला तर काय करायचं? १८८८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी एडिनबरोच्या भाषणात म्हणाले की एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं त्यांना वाटत नाही. रोख नौरोजींवर होता; ते १८८६ मध्ये हॉबर्नमधून हरले होते. त्या वाक्याने नौरोजींचं नाव देशभर झालं, सॉल्सबरींवर टीका झाली, आणि चार वर्षांनी नौरोजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. हे लिहिताना वाक्याचा कर्ता सॉल्सबरी असला पाहिजे: अमुक यांनी असं म्हटलं. ‘नौरोजींच्या वर्णावरून वाद’ असा मथळा दिला की वाद नौरोजींनी निर्माण केल्यासारखा होतो. उघड न बोलता केलेले हल्लेही ओळखता आले पाहिजेत. ओबामांचं ‘हुसेन’ हे मधलं नाव मुद्दाम ठासून उच्चारणं, त्यांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही अशी अफवा पसरवणं, यात वंशाचा एक शब्दही नव्हता. शेवटी एप्रिल २०११ मध्ये त्यांना आपल्या जन्मदाखल्याची पूर्ण प्रत जाहीर करावी लागली. अशी अफवा छापताना ती खोटी आहे हे त्याच वाक्यात यावं. पुढच्या परिच्छेदापर्यंत सगळे वाचक पोचत नाहीत.

नेत्याच्या लिंगाचा कारभारावर परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर अंदाज बांधण्यापेक्षा पुरावा बघावा. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये महिलांना किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. रागबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरचा २००४ चा अभ्यास सांगतो की महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी गावातल्या बायका ज्याबद्दल जास्त तक्रारी करत होत्या, विशेषतः पिण्याचं पाणी, त्यावर जास्त खर्च झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा अभ्यास आणखी पुढचा: जिथे सरपंचपद सलग दोनदा महिलांसाठी राखीव होतं, तिथे पालकांच्या मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दलच्या आकांक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली, किशोरवयीनांच्या स्वतःच्या आकांक्षांमधली ३२ टक्क्यांनी. इथे ‘महिला सरपंच’ हा शब्द पूर्ण कामाचा आहे. पण यावरून प्रत्येक महिला नेत्याकडून तीच अपेक्षा करायला जाल तर मार्गारेट थॅचर आठवाव्यात. ११ वर्षांच्या पंतप्रधानपदात त्यांनी मंत्रिमंडळात स्वतःव्यतिरिक्त एकच महिला घेतली, बॅरोनेस यंग. उलट २०१५ मध्ये कॅनडाचं निम्मं मंत्रिमंडळ महिलांचं केलं ते जस्टिन ट्रुडो यांनी.

दक्षिण आशियात आणखी एक काळजी घ्यावी लागते. बंदरनायके, बेनझीर, खालिदा झिया, शेख हसीना या सगळ्या पती किंवा वडिलांच्या राजकीय वारशातून आल्या, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण मग मुलगा वारसा घेऊन येतो तेव्हाही ते तितक्याच ठळकपणे लिहावं. आणि उल्लेख कधी बंद करायचा याचंही उदाहरण इथेच आहे: १९९१ पासून २०२४ पर्यंत बांगलादेशात पंतप्रधानपद मधल्या काळजीवाहू सरकारांचा अपवाद वगळता महिलांकडेच होतं. तिथल्या बातमीत ‘महिला पंतप्रधान’ लिहून कुणाला काय नवं कळणार?

शेवटी एकाच व्यक्तीविषयीची दोन वाक्यं. द्रौपदी मुर्मू, २५ जुलै २०२२ पासून राष्ट्रपती. संथाळ समाजातल्या, पहिल्या आदिवासी आणि दुसऱ्या महिला राष्ट्रपती. समजा, बातमी अशी आहे: ‘आदिवासी महिला राष्ट्रपतींनी विधेयकावर स्वाक्षरी केली.’ विधेयक करांविषयीचं असेल, तर पहिले दोन्ही शब्द खोडावेत. ‘राष्ट्रपतींनी स्वाक्षरी केली’ एवढं पुरे. दुसरी बातमी २०१७ ची. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल होत्या. आदिवासींच्या जमिनीचं हस्तांतर रोखणारे दोन कायदे तिथे आहेत, छोटानागपूर कूळकायदा १९०८ चा आणि संथाळ परगणा कूळकायदा १९४९ चा. त्यांत बदल करणारी विधेयकं राज्य सरकारने विधानसभेत मंजूर करून घेतली, राज्यभर आंदोलनं झाली, आणि राज्यपालांनी ती विधेयकं परत पाठवली. सरकार त्या ज्या पक्षातून आल्या त्याच पक्षाचं होतं. इथे वाक्य असं लिहावं: ‘स्वतः संथाळ समाजातून आलेल्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी संथाळ परगणा आणि छोटानागपूर कूळकायद्यांतल्या दुरुस्त्या सरकारकडे परत पाठवल्या.’ त्यांनी ते त्याच कारणाने केलं, असं त्यांच्या तोंडून आलेलं नसेल तर पुढे जोडू नये.